तगरचा स्तूप आणि अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट

अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट हे नाव आपल्या विहारांतील व्याख्यानांत अधूनमधून कानांवर येते. बहुधा ते एका ओळीपुरतेच येते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस या ख्रिस्ती आचार्याने आपल्या ग्रंथात 'बुत्ता' हे नाव लिहिले, आणि ग्रीक वाङ्मयात तथागतांचा नावानिशी केलेला, आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना उल्लेख तो हाच, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. एवढे सांगून वक्ता पुढे जातो. कधी कधी त्यावरून येशूची शिकवण बुद्धापासून उचललेली आहे असा निष्कर्षही काढला जातो आणि श्रोते प्रसन्न होतात. ज्या माणसाने ती ओळ लिहिली त्याचे स्वतःचे म्हणणे काय होते, त्याच्या अध्यात्मविचाराचे मोल किती, हे विचारण्याची तसदी मात्र सहसा कोणी घेत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तोच प्रश्न विचारू इच्छितो.

धाराशिव जिल्ह्यातील वाचकांस हा प्रश्न दूरदेशीचा वाटू नये. तेरणेच्या काठावरील तेर हे गाव आज संत गोरोबांचे गाव म्हणून ओळखले जाते. परंतु हेच प्राचीन तगर होय, ही गोष्ट जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली साधार मांडली आणि ती आता सर्वमान्य आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका अनाम ग्रीक नाविकाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेली फार मोठी नगरी म्हणून तगरचा निर्देश आहे. तेथून जाडेभरडे कापड आणि नाना प्रकारची मलमल गाड्यांत भरून, बिकट वाटांनी भडोचच्या बंदराला जात असे. भडोचहून माल इजिप्तकडे जाई, आणि इजिप्तची व्यापारी राजधानी होती अलेक्झांड्रिया. तेर येथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा आज तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे. तिच्याशी निकटचे साम्य असलेली प्रतिमा इटलीतील पाँपेई नगरीच्या अवशेषांत १९३८ साली सापडली. ती नगरी इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेली. म्हणजे त्याच्या आधीच दख्खनची कारागिरी रोमन घरांत पोहोचली होती.

जेथे माल जातो तेथे माणसे जातात, आणि माणसांबरोबर गोष्टी जातात. अलेक्झांड्रियाच्या सभेत थोडे भारतीयही बसलेले दिसतात, असा निर्देश डायो क्रिसोस्टोम या ग्रीक वक्त्याने केला आहे. उलट दिशेने आलेल्या यवनांनी कार्ले येथील चैत्याला स्तंभ दान दिल्याचे लेख आजही वाचता येतात. तेरच्या उत्खननांत विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले आहेत. तेथील त्रिविक्रम मंदिराची मागील बाजू अर्धवर्तुळाकार आहे. हेन्री कझेन्स यांच्यापासून अनेक अभ्यासकांनी ती वास्तू मूळची बौद्ध चैत्यगृह असल्याचे म्हटले आहे. 'बुत्ता' हे नाव तगरच्याच एखाद्या व्यापाऱ्याच्या तोंडून अलेक्झांड्रियास गेले असे आम्ही म्हणत नाही. तसा पुरावा नाही. ते नाव ज्या वाटेने जाऊ शकत होते त्या वाटेवर आपले गाव होते, एवढेच म्हणणे प्रामाणिक होईल.

क्लेमेंटचा जन्म इ. स. १५० च्या सुमाराचा. बहुधा तो अथेन्सचा. सत्याच्या शोधात तो ग्रीस, दक्षिण इटली आणि पूर्वेकडील प्रदेश फिरला, अनेक गुरूंपाशी बसला, आणि शेवटी इजिप्तमध्ये त्याला हवा तो गुरू सापडला. तो गुरू म्हणजे पँटेनस होय, असे मानतात. हा पँटेनस धर्मप्रचारार्थ भारतात गेला होता, असे चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस सांगतो. परंतु त्या काळी 'इंडिया' हा शब्द अरबस्तान व इथिओपियाच्या किनाऱ्यासही लावीत, आणि क्लेमेंट स्वतः या प्रवासाबद्दल एक शब्दही लिहीत नाही. म्हणून या आख्यायिकेवर इमारत उभारणे बरे नव्हे. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला तेव्हा, इ. स. २०२ च्या सुमारास, क्लेमेंटने अलेक्झांड्रिया सोडले. इ. स. २१५ च्या आसपास त्याचे निधन झाले. पुढे त्याच्याच धर्मात त्याच्या काही मतांविषयी शंका निघाल्या. रोमन संतांच्या यादीतून त्याचे नाव गळाले, आणि १७४८ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी ते वगळणे योग्यच ठरविले. आपल्या घरात पूर्णपणे न मावलेला असा हा माणूस आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

त्याचा मुख्य ग्रंथ 'स्ट्रोमाटा'. या शब्दाचा अर्थ आपल्या भाषेत सांगायचा तर वाकळ. नाना रंगांचे तुकडे जोडून शिवलेला हा ग्रंथ आहे, आणि त्याच्या पहिल्या भागात ते प्रसिद्ध वाक्य येते. तत्त्वज्ञान ही ग्रीकांची मिरासदारी नव्हे, ते ग्रीकेतर लोकांत आधीपासून होते, हे दाखविण्यासाठी क्लेमेंट एक यादी देतो. इजिप्तचे पुरोहित, खाल्डियन, गॉलमधील ड्रुइड, बॅक्ट्रियाचे श्रमण, इराणचे मागी आणि भारतातील नग्न तपस्वी यांची नावे घेऊन तो भारतीयांत श्रमण आणि ब्राह्मण असे दोन वर्ग सांगतो. वनात राहून वल्कले नेसणाऱ्यांचे वर्णन तो करतो. ते मुख्यतः मेगॅस्थेनिसच्या परंपरेतून आलेले आहे. मग तो सांगतो की, भारतीयांपैकी काही लोक बुत्ताच्या उपदेशानुसार चालतात आणि त्याच्या असामान्य पावित्र्यामुळे त्यांनी त्याला देवपदी बसविले आहे.

या वाक्यात एक गोष्ट बरोबर आहे आणि एक चूक आहे. बुद्धाचे अनुयायी हे त्याच्या उपदेशानुसार चालणारे लोक आहेत, ही व्याख्या उत्तम आहे. आपल्यापैकी किती जण तिच्यात बसतात हा प्रश्न तिने आपल्याला विचारावा. परंतु देवपदाची गोष्ट ही बाहेरून पाहणाऱ्याची आहे. अंगुत्तरनिकायातील द्रोण ब्राह्मणाचा प्रसंग वाचकांस ठाऊक आहे. तथागतांच्या पावलांचे ठसे पाहून चकित झालेला द्रोण विचारतो की, आपण देव आहात काय, गंधर्व आहात काय, यक्ष आहात काय, मनुष्य आहात काय? प्रत्येकाला नकार मिळतो, आणि शेवटी 'बुद्ध' हा एकच शब्द उत्तरादाखल येतो. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली लिहिलेल्या बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य या विषयावरील निबंधात नेमका हाच भेद पुढे ठेवला होता: इतर धर्मसंस्थापकांनी स्वतःसाठी दैवी अधिकार सांगितला, बुद्धाने तो सांगितला नाही. क्लेमेंटला हे कळण्याचे साधन नव्हते. त्याच्या जगात थोर माणूस मेला की त्याचा देव होत असे. रोमन सम्राटांचे होतच होते.

'स्ट्रोमाटा'च्या तिसऱ्या भागात याहून सूचक असा दुसरा उल्लेख आहे. त्याच्याकडे आपले वक्ते क्वचितच लक्ष देतात. भारतातील काही पूज्य पुरुष सत्याचे आचरण करतात, आणि ज्याच्याखाली एका देवाच्या अस्थी आहेत असे ते मानतात अशा एका 'पिरॅमिड'ची पूजा करतात, असे क्लेमेंट तेथे लिहितो. हा स्तूप आहे, यात आम्हांस शंका वाटत नाही. इजिप्तमध्ये राहणाऱ्या माणसाला स्तूपासाठी पिरॅमिडखेरीज दुसरा कोणता शब्द सुचणार? तो त्या पुरुषांना नग्न म्हणतो, म्हणजे येथे बौद्ध आणि इतर श्रमण यांची सरमिसळ झालेली आहे. तथापि अस्थींवर उभारलेली वास्तू आणि तिच्याभोवती जमणारे सत्यनिष्ठ लोक, एवढे चित्र त्याच्यापर्यंत पोहोचले होते. येथेही 'देव' हा शब्द त्याचा आहे. महापरिनिब्बान सुत्तात स्तूपास पात्र असे चौघे सांगितले आहेत: तथागत, प्रत्येकबुद्ध, तथागतांचा श्रावक आणि चक्रवर्ती राजा. श्रावकाचाही स्तूप होतो, म्हणजे स्तूप ही देवत्वाची खूण नव्हे. तो पाहून माणसाचे चित्त प्रसन्न व्हावे, एवढाच त्याचा हेतू तेथे सांगितलेला आहे.

आता क्लेमेंटच्या स्वतःच्या विचाराकडे वळू. त्याच्या काळी अनेक ख्रिस्ती लोकांना तत्त्वज्ञानाची भीती वाटे; मुले मुखवट्याला भितात तशी ही भीती आहे, असे तो म्हणतो. श्रद्धा हा त्याच्या दृष्टीने पाया आहे, परंतु पायावरच बसून राहणे त्याला मान्य नाही. श्रद्धेने जे स्वीकारले ते ज्ञानाने सिद्ध केले पाहिजे, आणि असा ज्ञानी हाच त्याचा आदर्श पुरुष आहे. बौद्ध वाचकास येथे सद्धा आणि पञ्ञा यांचा क्रम आठवेल. पण साम्य येथेच थांबते. क्लेमेंटच्या ज्ञान्याला जे सिद्ध करायचे आहे ते आधीच ठरलेले आहे; शास्त्रवचन खोटे ठरण्याची शक्यता त्याच्या परीक्षेत नाही. केसपुत्त येथे कालामांना तथागतांनी जी कसोटी दिली, तिच्यात परंपरा, ग्रंथ आणि 'हा श्रमण आमचा गुरू आहे' ही भावनाही पुरेशी मानलेली नाही. क्लेमेंटने परीक्षेचे दार उघडले, मात्र उंबरठा त्याने ओलांडला नाही. त्याच्या काळाचा विचार करता दार उघडणे हेही लहान काम नव्हते.

सत्याविषयी त्याने दिलेला एक दृष्टांत मननीय आहे. ग्रीक कथेतील पेंथियस राजाचे शरीर उन्मत्त स्त्रियांनी फाडून तुकडे तुकडे केले. त्याचप्रमाणे निरनिराळ्या पंथांनी सत्याचे तुकडे केले असून प्रत्येक जण आपल्या हातातील तुकड्यालाच संपूर्ण सत्य म्हणून मिरवतो, असे क्लेमेंट सांगतो. उदानातील जन्मांध आणि हत्ती यांची गोष्ट कोणास आठवणार नाही? दोन्ही दृष्टांतांत खंड आहेत, आणि खंडालाच अखंड समजणाऱ्यांचा कलह आहे. परंतु दोहोंचा रोख वेगळा आहे. क्लेमेंटला तुकडे जोडायचे आहेत. जोडून होणारी मूर्ती कोणाची हे त्याला आधीच ठाऊक आहे, ती त्याच्या ईश्वरी शब्दाची, म्हणजे ख्रिस्ताची. उदानात हत्ती जोडून दाखविण्यावर भर नाही. दृष्टीला चिकटून भांडणाऱ्या माणसांकडे बोट आहे. पहिला दृष्टांत इतरांना आपल्या घरात जागा देतो, दुसरा घराच्या भिंतींकडेच पाहायला लावतो.

क्लेमेंटच्या अध्यात्माचे शिखर आमच्या मते त्याच्या निष्कामतेत आहे. 'स्ट्रोमाटा'च्या चौथ्या भागात तो एक विलक्षण प्रश्न घालतो. ईश्वराचे ज्ञान आणि शाश्वत मुक्ती या दोन गोष्टी अलग करता आल्या असत्या, आणि ज्ञानी पुरुषाला त्यांतील एकच निवडायला सांगितले असते, तर त्याने काय निवडले असते? क्लेमेंटचे उत्तर आहे की, त्याने क्षणाचाही विलंब न लावता ज्ञान निवडले असते. शिक्षेच्या भयाने किंवा बक्षिसाच्या आशेने केलेले पुण्य त्याला हलके वाटते. मज्झिमनिकायातील चेतोखिल सुत्तात चित्ताची जी पाच बंधने सांगितली आहेत, त्यांत देवलोकात जन्म मिळावा म्हणून ब्रह्मचर्य पाळणे हे एक आहे. स्वर्गाचा लोभ हाही लोभच, हे दोघांनाही दिसले. येथे आम्ही या ख्रिस्ती आचार्यास मनःपूर्वक वंदन करतो.

या निष्कामतेच्या पोटी त्याची 'अपाथेइया' ही कल्पना येते. या शब्दातील आरंभीचा 'अ' आपल्या नकारार्थी 'अ'चाच सखा आहे, अर्थ विकाररहितता. क्लेमेंटचा ज्ञानी भूक-तहान यांसारखे देहाला आवश्यक तेवढेच जाणतो. क्रोध आणि भय तर सोडाच, हर्ष आणि उत्साहदेखील पूर्ण पुरुषाला शोभत नाहीत, असे तो म्हणतो. स्टोइक तत्त्वज्ञांचा हा वारसा आहे. क्लेमेंट त्यात प्रेमाची भर घालतो, आणि प्रेम ही इच्छा नसून स्थिर आत्मीयता आहे असे सांगून सुटका करून घेतो. ही भर मोलाची आहे, परंतु सांधा नीट जुळलेला नाही. ज्याला हर्षच नाही तो दुसऱ्याच्या सुखाने सुखावणार कसा? बौद्ध विचारात उपेक्षा ही चौथी आहे; तिच्याआधी मैत्री, करुणा आणि मुदिता उभ्या आहेत. उपेक्षेचा जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेपर्वाई, असा इशारा बुद्धघोषाने 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात देऊन ठेवला आहे. क्लेमेंटजवळ असा इशारा नाही.

या भेदाचा व्यवहारात काय परिणाम होतो, हे त्याच्या एका छोट्या ग्रंथात स्पष्ट दिसते. 'कोणता श्रीमंत तरेल?' या अर्थाच्या नावाचे त्याचे एक प्रवचन आहे. सर्व विकून गोरगरिबांस देऊन टाक, असे येशूने एका धनिकास सांगितल्याची कथा मार्कच्या शुभवर्तमानात आहे. तिचे हे विवरण. अलेक्झांड्रियात श्रीमंत ख्रिस्ती वाढत होते आणि या कथेने ते हबकले होते. क्लेमेंट त्यांना सांगतो की, विकायचे आहे ते घर नव्हे. धनाविषयीची आसक्ती मनातून काढायची आहे. सगळ्यांनीच सर्वस्व सोडले तर भुकेल्याला अन्न कोण देणार? धन हे साधन आहे, वापरणाऱ्यावर त्याचे बरेवाईट अवलंबून. धन केवळ स्वतःसाठी राखून ठेवणे हाच अन्याय, असेही तो बजावतो.

दारिद्र्याला पवित्र ठरवू नये, ही गोष्ट आम्हांस मान्य आहे. बाबासाहेबांनी वर उल्लेखिलेल्या निबंधात धर्माची एक कसोटी म्हणून तीच सांगितली होती. तथागतांनीही अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगताना धन असण्याचे, त्याचा उपभोग घेण्याचे, ऋणमुक्तीचे आणि निर्दोष आचरणाचे सुख सांगितले आहे. पण क्लेमेंट एक प्रश्न विचारत नाही: भुकेला भुकेला का आहे? त्याच्या प्रवचनात गरीब मनुष्य श्रीमंताच्या तरण्याचे साधन म्हणून येतो. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात निर्धनांना धन न दिल्याने दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र आणि शस्त्रातून हत्या, अशी कारणमालिका राजाच्या कर्तव्याशी जोडून मांडली आहे. कूटदंत सुत्तात चोरांना दंड करण्याऐवजी शेतकऱ्याला बियाणे आणि व्यापाऱ्याला भांडवल द्यावे असे सांगितले आहे. आपल्या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे १९४१ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब महार-मांग वतनदारांच्या परिषदेस आले. वतन ज्या घरांच्या गळ्यात पडले होते, त्यांना मनातील आसक्ती सोडा असे सांगून काय साधले असते? त्यांना सोडवायचे होते ते व्यवस्थेच्या बंधनातून.

गुलामांच्या बाबतीतही हाच हिशेब निघतो. गुलाम हीही आपल्यासारखीच माणसे आहेत, त्यांना तसेच वागवावे, असे क्लेमेंट 'पेडागोगस' या ग्रंथात लिहितो. गुलाम असो वा स्त्री, ग्रीक असो वा ग्रीकेतर, तत्त्वचिंतनाचा अधिकार सर्वांना आहे, हे तो ठासून सांगतो. त्या काळी ही उदारता दुर्मीळ होती. तरी गुलामगिरीच नसावी असे तो म्हणत नाही, आणि पुरुष सर्वत्र वरचढ हेही सांगून ठेवतो. आपल्याकडेही भिक्खुणी संघावर घातलेल्या आठ गुरुधर्मांचा प्रश्न आहेच. म्हणून या बाबतीत दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दाखविताना आम्ही जरा आवाज खाली ठेवतो.

आता पहिल्या ओळीकडे परत येऊ. क्लेमेंटने बुद्धाचे नाव का घेतले? ग्रीकांचा गर्व उतरविण्यासाठी त्याला ग्रीकेतर साक्षीदार हवे होते; त्या साक्षीदारांच्या रांगेत त्याने बुद्धाला उभे केले. साक्ष झाली, साक्षीदार गेला. बुद्धाचा उपदेश काय होता, हे त्याने विचारले नाही. त्याच्या विद्वत्तेतील हा आमच्या मते सर्वांत मोठा उणेपणा आहे. परंतु आपण तरी दुसरे काय करतो? ख्रिस्ती धर्माचा, पाश्चात्त्यांचा किंवा कोणाचा तरी गर्व उतरवायचा असला की आपण क्लेमेंटला साक्षीला बोलावतो, त्याची एक ओळ घेतो आणि त्याला परत पाठवतो. अठराशे वर्षांपूर्वी त्याने बुद्धाशी जे केले तेच आपण त्याच्याशी करीत आहोत.

अशोकाच्या बाराव्या शिलालेखाच्या शेवटच्या भागाचा ग्रीक अनुवाद १९६३ साली कंदाहार येथे सापडला. स्वतःच्या पंथाची अवास्तव स्तुती करू नये, परक्या पंथाचे म्हणणे ऐकावे, आणि त्याने आपलाच पंथ वाढतो, असा त्या लेखाचा भाव आहे. क्लेमेंटच्या सुमारे साडेचारशे वर्षे आधी, त्याच्याच भाषेत, हे दगडावर कोरलेले होते. त्याच्या वाचनात ते आले नाही. आपल्या वाचनात ते आले आहे, म्हणून आपली जबाबदारी अधिक. तेरला जाणाऱ्या उपासकांनी त्रिविक्रम मंदिराची ती अर्धवर्तुळाकार बाजू अवश्य पाहावी, संग्रहालयातील हस्तिदंती प्रतिमाही पाहावी. आपला वारसा किती दूर पोहोचला याचा आनंद तेथे होईलच. परंतु दूरच्या माणसाने आपले नाव घेतले एवढ्यावर न थांबता, त्याचे म्हणणे पुरते ऐकून मगच त्याच्याशी मतभेद मांडावेत, अशी आमची वाचकांस नम्र विनंती आहे.